कडेला बसलेली आत्या

मित्रांनो, मी परळच्या एका चाळीतला जुना टीव्ही आहे आणि माझं एका लॅपटॉपशी अजिबात पटत नाही. स्वतःची कहाणी सांगणाऱ्यानं आधी जन्म सांगावा, मग कष्ट सांगावेत आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणावं, अशी रीत आहे. मी ती पाळीन. पण पोटातली जळजळ आधी बाहेर काढली, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं आमची रांगच्या रांग उभी असायची. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या तोंडावर आधी लाल, मग हिरवा, मग निळा रंग फिरवून पाहिला, समाधानानं मान हलवली आणि माझ्या पाठीवर एक चिकटपट्टी लावली. तिच्यावर माझं माप होतं. आडवे ठिपके तेराशे सहासष्ट, उभे ठिपके सातशे अडुसष्ट. माणसाला जशी छाती आणि उंची असते, तसं हे आमचं माप. माणसाचं वयाप्रमाणे सुटतं, आटतं. आमचं मात्र जन्मभर तेच राहतं. हे तेवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ ह्या मापावरूनच झाला.

चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी राजाराम मला दादरच्या दुकानातून टॅक्सीत घालून घरी घेऊन आले. ते इस्पितळात वॉर्डबॉय होते, त्यामुळं जड वस्तू न दणकवता उचलायची त्यांना सवय होती. चाळीच्या जिन्यावरून त्यांनी मला पेशंटसारखं जपून वर आणलं. त्यांची बायको मीनाक्षीबाई, थोरला राकेश आणि धाकटी नम्रता खोलीच्या दारातच उभी होती. त्याआधी माझ्या जागी पोट सुटलेला एक जुना टीव्ही होता. त्याला उचलून पोटमाळ्यावर ठेवलं आणि मला फळीवर बसवलं. पुढं कितीतरी दिवस तो वरून आंधळ्या तोंडानं माझ्याकडे बघत असे. मग एकदा भंगारवाला आला आणि त्याला घेऊन गेला. त्याच्या पोटात तेव्हा काय कालवलं असेल, याचा मी विचारही केला नाही. चालत्या दिवसांत कोण करतो?

काय दिवस होते ते! संध्याकाळी माझ्यासमोर चटई अंथरली जायची आणि शेजारपाजारची पोरं उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीनं बसायची. सहा डिसेंबरला गावाकडची माणसं आमच्याच खोलीत उतरत. चैत्यभूमीवरून पाय दुखवून आली, की माझ्यासमोर बसून चहा प्यायची, कुणी बसल्या बसल्या पेंगायचं. नम्रता तर माझीच होती. भाजी निवडायला बसवली तरी तिचे डोळे माझ्याकडे असायचे. दर रविवारी आईच्या जुन्या मऊ साडीचा तुकडा घेऊन ती माझं तोंड पुसायची. आधी तोंडाची वाफ सोडायची, मग हळूच गोल गोल हात फिरवायची. तसा हात मला पुन्हा कुणी लावला नाही.

मग ती मोठी झाली. भायखळ्याला एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवायला लागली आणि एके दिवशी पिशवीतून त्याला घरी घेऊन आली. पातळ, चंदेरी, उघडझाप करणारा. मी त्याला पाहिलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, ते आजतागायत थांबलेलं नाही. मला कुणी कधी मांडीवर घेतलं नाही आणि हा तिच्या मांडीवर बसायचा. मी भिंतीला चिकटून राहिलो आणि हा तिच्याबरोबर रोज घराबाहेर जायचा. त्याला पुसायला तिनं चष्म्याच्या डबीतलं पिवळं, मखमली फडकं काढलं. माझा साडीचा तुकडा कधीच पोछ्यात गेला होता. माझ्या तोंडावर इतकी धूळ बसली, की पोरं बोटानं माझ्यावर नावं लिहायला लागली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी गप्प बसलो असतो. पण नम्रतानं लग्न ठरवलं.

मुलगा तिचा तिनंच पाहिला होता. हर्षवर्धन त्याचं नाव, पनवेलला नोकरी, घर खेडचं. हे मला कसं ठाऊक? कारण त्याच्याशी ती लॅपटॉपवरून बोलायची, माझ्याकडे पाठ करून. मी तिची वेणी बघायचो आणि तो तिचं हसू बघायचा. त्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, ललिताआत्याचं. हर्षवर्धनचे आईवडील तो लहान असतानाच गेले. ह्या विधवा आत्यानं वसतिगृहात भाकऱ्या थापून त्याला वाढवला, शिकवला. तो एकदा स्पष्ट म्हणाला होता, "नमू, काका-काकूंचं काय, ते हो म्हणतीलच. पण आत्या नाही म्हणाली ना, तर माझ्याकडनं पुढं होणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"आत्याला मी आवडेन रे," नम्रता म्हणाली. पण त्यानंतर ती बराच वेळ नख कुरतडत बसली होती.

दोन्ही घरांनी एकमेकांना बघायचं ठरलं. हर्षवर्धनच्या रघुकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मुंबईचा प्रवास त्यांना जमण्यासारखा नव्हता. म्हणून रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर पहिली भेट करायची असं ठरलं. राजाराम म्हणाले, "एवढ्याशा पडद्यात चौघांनी डोकी खुपसून बसायचं का? टीव्हीला जोडा की. माणसं माणसांएवढी दिसू देत."

मित्रांनो, किती दिवसांनी माझं नाव कुणी घेतलं होतं! शनिवारी मीनाक्षीबाईंनी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. धूळ गेली, फराटे राहिले, पण मी तक्रार केली नाही.

जोडायचं काम राकेशनं अंगावर घेतलं. राकेश मनानं चांगला, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा. नम्रता लॅपटॉप घरी ठेवून क्लासला गेली असताना त्यानं वायरचं एक टोक लॅपटॉपात आणि दुसरं माझ्या पाठीत खुपसलं. वायर जोडली की आमच्यात पहिलं बोलणं मापाचंच होतं. समोरचा विचारतो, तुझं माप काय? मी खरं तेच सांगितलं. एवढा राग होता, तरी खोटं सांगितलं नाही. त्यानंही ते ऐकलं आणि मापांच्या यादीत माझं माप सगळ्यांत वर ठेवून त्यापुढं 'शिफारस' असं लिहिलं. इथपर्यंत दोघांचं वागणं सरळ होतं.

राकेशनं ती यादी उघडली. माझ्या मापावर अक्षरं जरा बारीक दिसत होती.

"पप्पा, हे वाचता येतंय का?"

राजारामांनी डोळे बारीक केले. "नाय रे. मुंग्या दिसतायत."

"थांबा, मोठं करतो. नमूच्या क्लासमधल्या प्रोजेक्टरला हे खालचं असतं. मस्त मोठं दिसतं."

आणि त्यानं यादीत खाली उतरून मला एका प्रोजेक्टरचं माप चढवलं! आडवे हजार चोवीस. कुठला तो भायखळ्याचा प्रोजेक्टर, मी त्याला पाहिलेलंही नाही. अक्षरं मोठी झाली खरी, पण चित्र माझ्या मधोमध आक्रसून बसलं आणि चारही बाजूंना काळी पट्टी उरली.

"हे काळं काय आलं?" मीनाक्षीबाई स्वयंपाकाच्या ओट्यापासून म्हणाल्या. "दुसरीचं पोलकं घातल्यासारखं दिसतंय."

"आई, तू टेन्शन नको घेऊ. रिमोट दे इकडं."

राकेशनं माझ्या रिमोटवरचं झूमचं बटण दाबलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मला हुकूम झाला तसं मी चित्र ताणलं. काळ्या पट्ट्या गेल्या, पण त्याबरोबर चित्राच्या चारही कडा माझ्या चौकटीबाहेर गेल्या. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जे दिसत नाही ते गेलंय हे कळणार कसं? राकेशनं कॉलर ताठ केली. वर आणखी एक शहाणपण केलं. लोकांनी इकडं तिकडं बघू नये म्हणून त्यानं चित्र फक्त माझ्यावर ठेवलं आणि लॅपटॉपचं तोंड काळं केलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी ह्या घरात आलो त्या दिवशीही झाला नव्हता. माझ्यासमोर स्टुलावर तो तोंड काळं करून बसला होता. त्याचा कॅमेरा तेवढा जागा होता, म्हणजे चाकरी त्याची आणि शोभा माझी. मी मनातच त्याला विचारलं, आता कसं वाटतंय?

रविवारी सगळे आवरून बसले. राजाराम पांढऱ्या सदऱ्यात, मीनाक्षीबाई निळ्या साडीत, नम्रता मध्ये. ती इतकी घाबरली होती, की तिची नजर फिरून फिरून कॅमेऱ्याच्या टिकलीवरच जात होती. कॉल लागला आणि मी खेडचं घर माझ्यात घेतलं. बाकावर तिघं दिसत होती. मध्ये रघुकाका, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला हर्षवर्धन. हर्षवर्धनच्या पलीकडे, माझ्या अगदी कडेला, पांढऱ्या लुगड्यातला एक गुडघा दिसत होता. त्यावर नजर कुणाची गेली नाही. गेली असती तरी उशी वाटली असती.

"जयभीम, जयभीम," खेडकडून सगळ्यांचे आवाज एकदम आले.

"जयभीम, दादा. जयभीम, वहिनी. जयभीम, बाळ," राजारामांनी एकेकाकडे बघून हात जोडले. आमच्याकडे असा घाऊक नमस्कार चालत नाही. जितकी माणसं तितके जयभीम, ही राजारामांची शिस्त. तीन माणसं दिसली, तीन जयभीम झाले.

बोलणं चांगलं झालं. गावातल्या ओळखी निघाल्या, कुणाची तरी मामेबहीण कुणाच्या तरी शेजारी निघाली. राकेशनं आठवण म्हणून लॅपटॉपवर पडद्याचा फोटो काढून ठेवला. नम्रता सारखी चुळबुळ करत होती, कारण ज्या एका माणसासाठी हा सगळा खटाटोप होता ते माणूस दिसत नव्हतं. मीनाक्षीबाईंनी कोपरानं नवऱ्याला ढोसलं. पण राजारामांनी डोळ्यांनीच गप्प बसवलं. आली नसेल तर विचारून कशाला दोघांची लाज काढायची, असा त्यांचा हिशेब. शेवटी कॉल बंद करायचं लाल बटणही राकेशला सापडेना, कारण खालची कडही बाहेर गेली होती. त्यानं लॅपटॉपचं झाकणच मिटलं.

"माणसं बरी आहेत," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "पण ती आत्या आली नाय. पोर पसंत नसणार तिला."

"असं कसं म्हणते?" राजाराम म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. नम्रतानं सगळ्यांचे कप उचलले आणि मोरीत जाऊन पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्षवर्धनचा फोन आला. नम्रता माझ्यासमोरच बसली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आत्या जेवली नाही काल," तो म्हणाला. "ती तुम्हाला जयभीम घालत होती, हात जोडून. तुझ्या पप्पांनी तिघांना घातला आणि तिच्यावरून नजर काढून घेतली. एकानंही तिच्याकडे बघितलं नाही, नमू."

"अरे, आत्या नव्हतीच तिथं!"

"माझ्या शेजारी बसली होती. मी काय खोटं बोलतोय?"

"मग मी खोटं बोलतेय का? चौघांनी बघितलं. तिघंच होतात तुम्ही."

मग तो म्हणाला, "ती म्हणते, भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कशाला कोण ओळख देईल. आज मला विसरले, उद्या पोरालाही विसरायला लावतील. ती नाही म्हणतेय. आणि मी तुला आधीच सांगितलं होतं."

फोन ठेवल्यावर नम्रता रडली. मी समोरच होतो. लहानपणी गणितात नापास झाली तेव्हा माझ्यासमोर बसूनच रडली होती. पण आता तिनं लॅपटॉप ओढून मांडीवर घेतला आणि त्याच्यावर डोकं टेकून रडली. मित्रांनो, ज्याच्यासाठी जीव तुटतो त्यानं आपलं रडणं दुसऱ्याच्या अंगावर नेऊन टाकावं, यासारखं दुःख नाही. तरी मला वाटलं, चला, आता ह्या चंदेरी बाबाचं काही खरं नाही. कॅमेरा त्याचा, कॉल त्याचा, दोषही त्याच्याच माथी बसेल.

डोळे पुसून तिनं झाकण उघडलं. राकेशनं काढलेला फोटो तिला आठवला होता. तो तिनं लॅपटॉपवरच उघडला आणि तिचा हात तोंडावर गेला.

"पप्पा, इकडं या."

राजाराम आले. लॅपटॉपच्या छोट्याशा पडद्यावर चार माणसं होती. बाकाच्या टोकाला, हर्षवर्धनच्या शेजारी, पांढऱ्या लुगड्यातली एक बारीक बाई अंग चोरून बसली होती. हात जोडलेले होते. नजर सरळ समोर, राजारामांवर. जोडलेले हात ती खाली घ्यायला विसरली असावी, कारण बाकीची तिघं फोटोत हसत होती.

राजारामांनी पडद्यावर बोट टेकवलं. "अरे देवा," असं ते म्हणत नाहीत. ते म्हणाले, "बाई हात जोडून बसलीय आणि मी तोंड फिरवलं?"

"थांबा," नम्रता म्हणाली. तिनं वायर माझ्या पाठीत घातली आणि तोच फोटो माझ्यावर लावला. माझ्यावर तिघं दिसली. कडेला पांढरा गुडघा.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. किती वर्षांनी सगळं घर माझ्याकडे बघत होतं, आणि ते असं.

"ह्यानं खाल्ली आत्या," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

घ्या! माप चुकीचं चढवलं राकेशनं, झूम दाबलं राकेशनं, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी. तो चंदेरी मात्र पुरावा पोटात बाळगून साधूसारखा बसला. त्याच्याकडे सगळं होतं, पहिल्यापासून. आत्या त्याला दिसली होती, मला नाही. मला आधी त्याच्या रूपाचा हेवा वाटायचा, मांडीवर बसण्याचा वाटायचा. त्या दिवशी वाटला तो हेवा निराळाच होता. त्याला ती बाई दिसली आणि मी तिला माझ्यातून ढकलून दिली, ह्याचा.

राकेश मान खाली घालून उभा होता. "पप्पांना वाचता यावं म्हणून केलं मी."

"माहितेय रे," नम्रता म्हणाली. ती त्याला ओरडली नाही. तिनं आधी माझा रिमोट घेतला, चित्राच्या आकाराच्या जागी जाऊन झूम काढला आणि जेवढं येईल तेवढं दाखवायचं ठेवलं. काळ्या पट्ट्या परत आल्या. मग ती लॅपटॉपकडे वळली. मापांची यादी उघडून वर, अगदी वर गेली, जिथं माझं माप कधीपासून वाट बघत उभं होतं. तिनं ते निवडलं. माझ्या अंगावरून एकदा काळोख गेला आणि उजेड आला तेव्हा चित्र माझ्या कडेपासून कडेपर्यंत बसलं होतं. ना पट्टी, ना ताण. आणि डाव्या टोकाला ललिताआत्या, हात जोडून, पूर्ण. एवढंच काय, मागच्या भिंतीवरची तसबीर आणि रघुकाकांचं टक्कलही आता दिसलं.

"अक्षरं बारीक झाली की परत," राजाराम म्हणाले.

"अक्षरं मोठी करायची तर ती वेगळी जागा आहे, पप्पा. त्यासाठी माप नाही बदलायचं." तिनं तेही करून दाखवलं. अक्षरं वाढली, चित्र तसंच राहिलं.

नम्रतानं हर्षवर्धनला सगळं सांगितलं. त्याला पटलं. पण आत्याला टीव्ही, वायर, माप ह्या गोष्टी बहाण्यासारख्या वाटल्या, आणि त्यात तिची काय चूक? न दिसलेल्या माणसाला यंत्राची कारणं सांगून काय होतं? "चुकलं की माणूस असंच सांगतं," ती म्हणाली म्हणे.

पुढच्या रविवारी पुन्हा कॉल ठरला. रघुकाकांनी पुन्हा बोलायचा शब्द दिला होता म्हणून. मी सकाळपासून माझ्या मापात तयार होतो. ह्या खेपेला नम्रतानं लॅपटॉपचंही तोंड उजळलेलं ठेवलं. मला ते आवडलं नाही, पण मी कुणाला सांगणार?

खेडचं घर दिसलं. बाकावर तिघं होती आणि डाव्या टोकाची जागा रिकामी. ह्या वेळी मी काही खाल्लं नव्हतं. जागा खरोखरच रिकामी होती आणि मला ती सगळीच्या सगळी दाखवावी लागली.

रघुकाकांनी घसा खाकरला. "जयभीम. ताई आत आहेत. त्यांचं डोकं दुखतंय. आपण बोलून घेऊ या."

राजारामांनी हात जोडले नाहीत. ते उठून उभे राहिले. त्यांच्या मागोमाग मीनाक्षीबाई उठल्या, राकेश उठला, नम्रता उठली.

"दादा, राग मानू नका," राजाराम म्हणाले. "आमचा पहिला जयभीम ताईंचा आहे. मागच्या रविवारपासून बाकी आहे. तो फिटल्याशिवाय मी दुसऱ्या कुणाला घालायचा नाही. आम्ही उभे आहोत."

हर्षवर्धन आत गेला. किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही, पण मीनाक्षीबाईंचे पाय दुखायला लागले होते आणि त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या. कुणी बसलं नाही. मी फळीवर बसलेला टीव्ही, माझ्या हातात एकच गोष्ट होती, डावी कड धरून ठेवणं. ती मी धरून ठेवली.

ललिताआत्या आली. बसली नाही. बाकाच्या टोकाला उभी राहिली, एका हातानं पदर धरून.

"जयभीम, ताई," राजाराम म्हणाले. मग मीनाक्षीबाई, मग राकेश. एकेक, वेगवेगळा. नम्रतानं नुसते हात जोडले आणि तसेच जोडून ठेवले.

आत्या थोडी पुढं वाकली आणि तिच्याकडच्या फोनमध्ये निरखून बघायला लागली. आमची नजर कुठं जाते ते ती तपासत होती.

"मी दिसते का आता?" तिनं विचारलं.

"दिसता, ताई."

"काय दिसतं?"

राजाराम माझ्या जवळ आले, इतके की त्यांचा श्वास मला लागला. "पांढरं लुगडं, हिरवे काठ. कपाळावर जुनी खूण आहे, डाव्या भुवईच्या वर. हाताला पट्टी बांधलीय."

"तव्याचा चटका आहे," आत्या म्हणाली. तिनं दुसऱ्या हातानं पट्टी झाकली. मग तो हात पट्टीवरून काढून तिनं दोन्ही हात जोडले. "जयभीम, भाऊ," ती म्हणाली.

राजारामांनी मग रघुकाकांना जयभीम घातला, काकूंना घातला, हर्षवर्धनला घातला. सगळे बसले. आत्या बसायच्या आधी नम्रताकडे बोट करून म्हणाली, "तिचे हात खाली करायला सांगा. दुखतील."

"तुमचे त्या दिवशी दुखले असतील, आत्या," नम्रता म्हणाली. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. लग्न तिथंच ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्या परळला आली. चहा घेण्याआधी तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हाच का तो, मला गिळणारा?" तिनं विचारलं आणि सगळे हसले. मला फार लागलं. पण मग ती सवयीनं चटईच्या टोकाला जाऊन बसली, आणि नम्रतानं तिचा हात धरून तिला उठवलं आणि मधोमध, बरोबर माझ्यासमोर आणून बसवलं. त्या दिवशी रात्रीपर्यंत आत्यानं माझ्यावर तीन सिनेमे पाहिले.

नम्रता पनवेलला गेली. लॅपटॉपही गेला. ज्याच्या जाण्याची मी इतकी वाट पाहिली, तो गेला, आणि वायरचं एक टोक माझ्या पाठीत तसंच राहिलं. दुसरं टोक फळीवरून खाली लोंबतं. राकेश चुकून कधी रिमोटवर लॅपटॉपच्या जोडणीचं बटण दाबतो तेव्हा माझ्या तोंडावर 'सिग्नल नाही' अशी अक्षरं येतात आणि मी ती घेऊन बसून राहतो. त्या जुन्या पोट सुटलेल्या टीव्हीला पोटमाळ्यावर काय वाटलं असेल, ते मला आता पुरतं कळलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल. त्याला कशाशीही जोडा, हरकत नाही. पण जोडण्याआधी त्याचं माप बघा. ते यादीत असतं, बहुतेक वेळा सगळ्यांत वर असतं. दुसऱ्याचं माप चढवून वर ताणू नका. आणि चित्र लागलं की मधल्या माणसांकडे बघण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. तिथं कुणीतरी हात जोडून बसलेलं असू शकतं.

महिन्यातून एखाद्या रविवारी नम्रता येते. पिशवीतून त्याला काढते, पिवळं फडकंही काढते. पण आता ती त्याच्याकडे वळण्याआधी माझ्यापाशी येते. तोंडाची वाफ सोडते, हळूच गोल गोल हात फिरवते, आणि डाव्या कडेपाशी पोचली की जरा जास्त वेळ पुसते. तो स्टुलावर बसून हे सगळं बघत असतो. त्याच्या पोटात काय कालवतं, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.